मादी बदलून बघू

टाकीतल्या कौलावर चिकटलेली अंडी पुन्हा पांढरी पडली होती. सवितानं काचेला कपाळ लावून नीट पाहिलं. काल संध्याकाळपर्यंत मधासारखी पिवळट असलेली अंडी आज भिजवलेल्या साबुदाण्यासारखी दिसत होती. म्हणजे एकानंही जीव धरला नव्हता. मादी मात्र अजून कौलासमोर उभी राहून इमानेइतबारे पंखांनी वारा घालत होती. आता हिला कुणी आणि कसं सांगायचं, असा प्रश्न सविताला पडला.

तेवढ्यात कानिफनाथ दात घासत घासत शेडमध्ये शिरला. त्यानं वाकून कौल पाहिलं, बाहेर जाऊन चूळ भरली आणि परत येऊन म्हणाला, "मादी बदलून बघू."

नवऱ्याचं हे वाक्य सविताला आता पाठ झालं होतं. पहिल्या मादीच्या वेळी हेच, दुसरीच्या वेळी हेच आणि आता तिसरीच्या वेळीही हेच. मधल्या जाळीपलीकडे, लाल ट्यूबच्या उजेडात, नर, म्हणजे त्यांचा लाडका सरकार, आपलं कपाळ मिरवत फिरत होता. त्याच्याकडे मात्र कुणी संशयानं पाहत नव्हतं.

राहात्याजवळच्या त्या वस्तीवर पेरूची बाग होती, दोन म्हशी होत्या आणि रस्त्याच्या कडेला कोंबड्यांची जुनी शेड होती. कोंबड्या रोगानं गेल्या, शेड रिकामी झाली आणि कानिफनाथाच्या डोक्यात मासे शिरले. तेही खायचे नव्हेत, बघायचे. फ्लॉवरहॉर्न. हा मासा देवानं केलेला नाही. परदेशात कुणीतरी तीन-चार जातींची सरमिसळ करून तो तयार केला. कपाळावर हे एवढं टेंगूळ, अंगावर मोत्यांसारखे ठिपके, आणि स्वभाव असा की टाकीत हात घातला तर मालकालाही चावतो. नर-मादी एकत्र सोडले तर नर मादीला जिवंत ठेवीलच असं नाही, म्हणून मध्ये जाळी लावायची. मादीनं जाळीलगतच्या कौलावर अंडी घालायची आणि नराचं पाणी, म्हणजे बीज, जाळीतून तिकडे जायचं, असा त्यांचा संसार.

पण खरा खेळ असतो रंगाचा. पिल्लू जन्मतं ते चुलीतल्या राखेसारखं मळकट. काही महिन्यांनी त्याच्या अंगावर काळं चढतं, इतकं की नवख्याला वाटावं, मासा आजारी पडला. मग ते काळं जागोजागी फाटत जातं आणि खालून लाल नाहीतर सोनेरी रंग वर येतो. त्याला धंद्यातले लोक 'फेड झाला' म्हणतात. एकाच विणीतली काही पिल्लं पुरती फेड होतात, काही अर्धवट राहतात आणि काही जन्मभर मळकीच. कुठलं पिल्लू काय रंग दाखवील हे आधी कुणालाच सांगता येत नाही. कानिफनाथ मात्र छातीठोकपणे सांगायचा, आणि चुकलं की पाण्याला, खाण्याला नाहीतर सविताला बोल लावायचा.

श्रीरामपूरच्या योहानच्या दुकानातून त्यानं दोन पिल्लं आणली होती, एकाच विणीतली, सख्खे भाऊ. त्यातलं एक असं फेड झालं की बघत राहावं. पिकल्या मिरचीसारखा लाल, कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ. तोच सरकार. गावातली माणसं लग्नाच्या खरेदीला निघाली तरी आधी सरकारचं तोंड बघून जायची. कुणाला त्याच्या अंगावरच्या काळ्या खुणांत ओम दिसायचा, कुणाला ट्रॅक्टरचा नंबर. दुसरा भाऊ फेडच झाला नाही. तो भुरा तो भुराच राहिला, टेंगूळही नावालाच. त्याचं नाव भुऱ्या पडलं आणि दाराजवळच्या निळ्या पिंपात त्याची रवानगी झाली. सरकारसाठी सविता झेंडूच्या पाकळ्या वाळवायची, सुकी कोळंबी आणि बीट घालून वाटायची, त्याच्या बारीक गोळ्या करायची. झेंडूनं रंग चढतो, असं कानिफनाथनं मोबाईलवर पाहिलं होतं. उरलासुरला चुरा ती भुऱ्याच्या पिंपात टाकायची.

आता कानिफनाथाला हवा होता सरकारचा वंश. सरकारची पिल्लं म्हटल्यावर पुण्यापर्यंतची माणसं रांगा लावतील, असं तो सांगत फिरायचा. वंश काही येत नव्हता आणि घराला त्याचं एकच कारण माहीत होतं.

गोजरबाई, म्हणजे सविताची सासू, चहाची बशी घेऊन शेडच्या उंबऱ्यावर येऊन बसली.

"पुन्हा गेली का?" तिनं विचारलं.

"गेली," कानिफनाथ म्हणाला.

"नराकडं बघ. कसा राजबिंडा हाय. त्याच्यात कशाची आलीया खोट? खोट असंल तर हिच्यातच." गोजरबाईनं बशीतला चहा भुरका मारून संपवला आणि 'हिच्यातच' म्हणताना तिची नजर टाकीवरून सरकत सविताच्या पाठीवर येऊन थांबली. सविता पाठमोरी होती, तरी तिला ती कळली. अशी नजर नऊ वर्षं पाठीवर बसली की डोळ्यांनी बघावी लागत नाही.

लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. सवितानं जे जे करायचं ते सगळं केलं होतं. गोजरबाईनं नेलं त्या त्या ठाण्यावर जाऊन नारळ फोडले, कुणी दिलेली मुळी दुधात उगाळून प्यायली, सोमवार धरले. मग स्वतःच हिंमत करून नगरला डॉक्टरीणबाईंकडे गेली. एसटीनं, एकटी, भर मे महिन्यात, कोल्हारच्या पुलावर गाडी अडकली तेव्हा पदरानं वारा घेत. तपासण्या साध्या नव्हत्या. त्यातल्या एकीनंतर तिला बाकावरून उठवत नव्हतं आणि शेजारच्या अनोळखी बाईनं तिला पाणी पाजलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, तुमच्यात काही दोष नाही, आता यजमानांना घेऊन या, त्यांची तपासणी तर सगळ्यात सोपी असते.

घरी येऊन तिनं सांगितलं तेव्हा कानिफनाथ हसला होता. "मला काय झालंय? खताची गोण एका दमात उचलतो मी." गोण उचलण्याचा आणि पोर होण्याचा काय संबंध, हे तिनं विचारलं नाही. पुढे कधी विषय निघाला की तो म्हणायचा, "आमच्या घराण्यात असलं काय न्हाई." जणू घराण्यातल्या सगळ्या पुरुषांनी रांगेत उभं राहून तपासणी करून घेतली होती.

आणि गेल्या पंधरवड्यात तर कहर झाला. सविता ओसरीत कांदे निवडत होती आणि आत गोजरबाई कोपरगावच्या बहिणीशी फोनवर बोलत होती. कानानं कमी ऐकू येत असल्यामुळे गोजरबाई फोनवर गावाला ऐकू जाईल असं बोलते. "पोरगी गरिबाघरची का असंना," ती म्हणत होती, "आमाला काय देनं-घेनं नगं. हिलाबी आमी हाकलून देत न्हाई. राहंल, खाईल, करंल काम." सविताच्या हातातला कांदा तसाच राहिला. रात्री तिनं कानिफनाथाला विचारलं तर तो कूस बदलत म्हणाला, "आई बोलती म्हून काय हुतंय का?" नाही म्हणाला नाही तो. एवढाच एक शब्द हवा होता तिला, तो त्यानं तोंडातून काढला नाही. आज मादी, उद्या आपण.

रविवारी सकाळची प्रार्थना उरकून योहान आला. त्याच्या मोटारसायकलच्या हँडलला पाण्याची पिशवी लटकत होती आणि पिशवीत नवी मादी होती. गोरागोमटा, मिशीला कलप लावणारा, धंद्यात मुरलेला माणूस. पण आज त्याचाही चेहरा आंबला होता. त्यानं पिशवी टाकीवर ठेवली नाही, हातातच धरली.

"कानिफशेठ, ही चौथी," तो म्हणाला. "मला काय, मी बदलून देतो. पर तुमाला एक सांगू का? तुमी परत दिलेल्या दोन्ही माद्यांना माझ्याकडं पिल्लं झाली. पहिलीला तर दोनदा झाली."

सविता बादली खाली ठेवून उभी राहिली.

"तुमच्याकडचं पानी येगळं," कानिफनाथ म्हणाला. "आमच्या बोरचं खारं हाय. चहा नासतो त्यानं."

"चहा नासू द्या. ह्या माशाला असलं खारं पानीच मानवतं. मी मुद्दाम मीठ टाकतो, तुमच्याकडं फुकट येतं." योहाननं कपाळावरचा घाम पुसला. "नाचता येईना अंगण वाकडं, असं झालंय तुमच्या सरकारचं. अवो, इतके लाल, इतक्या मोठ्या टेंगळाचे नर पुष्कळदा वांझ निघत्यात."

"नर कधी वांझ असतो का?" गोजरबाई उंबऱ्यावरून म्हणाली. "कायबी बोलतो हा."

"असतो, मावशी. चांगला तालेवार दिसनारा असतो." योहान कानिफनाथाकडे वळला. "एवढी शंका काढून टाका. माझा मेव्हना सॅमसन श्रीरामपूरला कॉलेजात शिकवतो. त्याच्याकडं मायक्रोस्कोप हाय. सरकारला घेऊन या. थेंबभर पानी काढायचं, काचंवर ठेवायचं, बघायचं. पाच मिंटाचं काम."

सविताला वाटलं, आता नवरा भडकणार. सरकारचा अपमान त्याला स्वतःच्या अपमानासारखा झोंबायचा. पण कानिफनाथनं हनुवटी खाजवली, टाकीकडे पाहिलं आणि अगदी समजूतदार आवाजात म्हणाला, "बघू की तपासून. तपासायला काय हरकत हाय? त्यात लाज कसली?"

सवितानं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. थट्टा करतोय का ते तिनं नीट निरखलं. तो थट्टा करत नव्हता. त्याला स्वतःच्या बोलण्यात काही खटकलंसुद्धा नव्हतं. नऊ वर्षं जी गोष्ट ह्या माणसाच्या गळी उतरली नाही, ती एका माशासाठी पाच मिनिटांत उतरली होती. तिला हसावं की बादली उचलून त्याच्या डोक्यावर ओतावी ते कळेना. शेवटी तिनं ते पाणी भुऱ्याच्या पिंपात ओतलं.

योहान नवी मादी तशीच परत घेऊन गेला. आधी तपासणी, मग बघू, म्हणाला.

सरकारच्या प्रवासाची तयारी म्हणजे लग्नघर. बाहेर ऊन रणरणत होतं, म्हणून आप्पासाहेब चुलत्यांची एसीवाली गाडी मागून आणली. पाणी आदल्या दिवशीपासून मुरवून ठेवलं. जाड पिशवी, त्यात अर्धं पाणी, वर ऑक्सिजन, बाहेरून ओलं पोतं. आदल्या दिवसापासून सरकारला उपाशी ठेवलं, कारण प्रवासात त्याला त्रास नको. गोजरबाईनं निघताना पिशवीवरून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. वाटेत जो भेटेल त्याला कानिफनाथ गाडीची काच खाली करून सांगत होता, "सरकारला तपासायला न्यायलोय." पिशवी सविताच्या मांडीवर होती.

"हालवू नगं," कानिफनाथ दर खड्ड्याला म्हणत होता. "त्याला टेन्शन आलं तर रंग उतरतो. एसी लागतोय का त्याला? जास्त तर न्हाई ना झाला?"

"त्यालाच विचारा," सविता म्हणाली.

बाभळेश्वरचा चौक गेला. दोन्ही बाजूंना ऊस उभा होता. सविता मांडीवरच्या त्या लाल ऐवजाकडे बघत होती आणि तिला तो एसटीचा प्रवास आठवत होता, तो बाक, ती पाणी पाजणारी बाई. त्या दिवशी हाच माणूस घरी होता आणि पेरूच्या बागेत औषध मारायचंय म्हणून सोबत आला नव्हता. राग इतका आला की तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. कानिफनाथनं ते पाहिलं आणि म्हणाला, "काळजी करू नगं. सरकारला काय झालेलं नसनार."

सॅमसन सर हा किरकोळ अंगाचा, हळू बोलणारा माणूस होता. त्यांनी सरकारला ओल्या टॉवेलात गुंडाळलं, पोटावरून अंगठा फिरवला आणि काचेच्या पट्टीवर थेंब घेतला. सरकार तोंड उघडझाप करत राहिला. सर बराच वेळ डोळा लावून बसले, मग त्यांनी कानिफनाथाला बोलावलं.

"काय दिसतं?"

"काय न्हाई दिसत," कानिफनाथ म्हणाला. "सगळं शांत हाय."

"तेच बघायचं होतं." मग सरांनी योहाननं आणलेल्या दुसऱ्या, साध्याशा नराचा थेंब घेतला आणि ती पट्टी लावली. "आता बघा."

कानिफनाथनं पाहिलं आणि तो बाजूला सरकला. सविता पुढे झाली. तिनं डोळा लावला. आत नुसती लगबग चालली होती, वारूळ फुटल्यावर मुंग्या धावाव्यात तशी. तिनं पुन्हा सरकारची पट्टी मागितली आणि तीही पाहिली. त्यात काहीच हलत नव्हतं.

"याच्या पाण्यात जीव नाही," सॅमसन सर म्हणाले. "मासा आजारी नाही, उत्तम आहे. पण ही सरमिसळ जात आहे, आणि रंग नि टेंगूळ यांच्यामागे लागून माणसांनी पिढ्यान्पिढ्या निवड केली. त्यात हे व्हायचंच. माद्यांचा काही दोष नव्हता. याचा एखादा भाऊ आहे का घरी?"

"हाय की," योहान म्हणाला. "भुऱ्या. पिंपात पडलाय."

"तो फेड झालेला न्हाई," कानिफनाथ पुटपुटला. "मळका हाय."

"अंगावर रंग आला नाही म्हणजे रक्तात नाही असं थोडंच आहे? एकाच आईबापाचे ना दोघं? त्याला लावून बघा. त्याच्या पिल्लांत लाल निघू शकतात."

परतताना कानिफनाथनं काच खाली केली नाही. कुणी हात केला तरी थांबला नाही. एसी मात्र चालू होता.

घरी गोजरबाई वाटच बघत होती. तिनं पिशवीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि विचारलं, "काय म्हनलं?"

कानिफनाथनं सांगितलं. सांगताना त्यानं सरकारला पिशवीतून टाकीत सोडलं. सरकारनं एक गिरकी घेतली, आपल्या प्रतिबिंबावर धाव घेतली आणि पुन्हा कपाळ मिरवत फिरू लागला. गोजरबाई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं काचेवरून हात फिरवला, लहान लेकराच्या गालावरून फिरवावा तसा.

"जाऊ दे, बिचारा," ती म्हणाली. "त्यात त्याचा काय दोष? देवानंच दिलं न्हाई तर त्यानं काय करावं? कुनी त्याला वाईट बोलू नगा."

सविताच्या हातात ओलं पोतं होतं. ते तिनं खाली टाकलं.

"आत्या," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण गोजरबाईनं चटकन मान वळवली. "हे एवढंच बोलनं नऊ वर्सांत एकदा तरी माझ्या वाट्याला यायला हवं हुतं. माशाच्या वाट्याला पहिल्याच दिवशी आलं."

"तुला कोन काय बोललं?"

"कोपरगावला फोनवर बोलता तवा सारी वस्ती ऐकती, आत्या." मग ती नवऱ्याकडे वळली. "आन तुमी. माशाला एसी गाडीतनं नेलं. तपासायला लाज कसली, म्हनला. मी एकटी एसटीनं गेल्ते. माझ्यात काय न्हाई, असं डॉक्टरनी तोंडावर सांगितलं, तरी खोट माझ्यातच. आता मी दमले. एक तर तुमी नगरला चला. न्हाई तर मी नेवाशाला माझ्या आईकडं जाते आन तुमी ती कोपरगावची आना. दोन-चार वर्सांनी तिलाबी बदला. योहानभाऊ देतीलच आनखी एक."

कानिफनाथ शेडबाहेर पडला आणि बागेत गेला. त्या दिवशी तो जेवायलासुद्धा उशिरानं आला आणि ताटाकडे बघूनच जेवला.

पुढचे काही दिवस घरात सगळे एकमेकांशी म्हशींपुरतं बोलत होते. गोजरबाईचा फोन बंद पडल्यासारखा शांत होता. सवितानं कपड्यांची पिशवी भरून कपाटाखाली ठेवली होती, आणि ती पिशवी तिथे आहे हे घरातल्या तिघांनाही माहीत होतं. पण जाण्याआधी तिला एक काम करायचं होतं. तिनं सरकारला दुसऱ्या टाकीत हलवलं, भुऱ्याला जाळीनं पिंपातून काढलं आणि मादीच्या शेजारी, जाळीपलीकडे सोडलं. मादी तीच, परत द्यायला काढलेली. लाल ट्यूब तिनं बंद केली. साध्या उजेडात भुऱ्या फारच भुरा दिसत होता.

कानिफनाथ आला, पाहून थबकला. "त्याला कशाला घातला? सगळी मळकी पिल्लं हुतील."

"हुतील तर खरं," सविता म्हणाली.

मादीनं कौल साफ करायला घेतलं, तोंडानं एकेक जागा टिपत. मग तिनं अंडी घातली, ओळीनं, मन लावून. भुऱ्या जाळीला अंग घासत फिरत राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी सविता शेडमध्ये गेली. तिनं कपाळ काचेला लावलं. दोन-चार अंडी पांढरी होती. बाकी सगळं कौल मधाच्या रंगाचं होतं. त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या प्रत्येक पिवळ्या अंड्यात काळे ठिपके दिसायला लागले, डोळ्यांचे.

तिनं कुणाला हाक मारली नाही. आणखी एका दिवसानं कानिफनाथ स्वतःच आला. अंडी फुटली होती आणि कौलावर केसांएवढी बारीक पिल्लं शेपट्या हलवत होती, इतकी की अख्खं कौल थरथरतंय असं वाटावं. मादी त्यांच्यावर पंख हलवत उभी होती. तो उकिडवा बसला.

"हीच मादी का?" त्यानं विचारलं.

"हीच."

"योहानकडनं दुसरी तर न्हाई ना आनली?"

सवितानं कपाळाला हात लावला. "हीच हो. तुमी बदलायला काढलेली तीच. मी कुठनं आननार दुसरी?"

उठताना त्यानं कौलाकडे पुन्हा पाहिलं, मग शेजारच्या टाकीत स्वतःच्या सावलीशी भांडणाऱ्या सरकारकडे पाहिलं आणि बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सविता म्हशींची धार काढून आली तर अंगणात आप्पासाहेबांची गाडी उभी होती. कानिफनाथ अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ओसरीवर उभा होता. गोजरबाई चहाची बशी घेऊन बाहेर आली.

"आता कुठला मासा चाललाय?" तिनं विचारलं.

"मासा न्हाई, आई. मी चाललोय. नगरला, डॉक्टरकडं."

"तुला काय धाड भरलीया? चांगला धडधाकट हायस की."

कानिफनाथनं वाकून चपला घातल्या. "सरकारबी धडधाकटच हाय," तो म्हणाला.

गोजरबाईचं तोंड उघडलं ते तसंच राहिलं. बशीतला चहा निवत होता. मग ती आत गेली आणि परत आली ती डब्यात चार भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून. डबा तिनं मुलाच्या हातात दिला नाही, सविताच्या दिला. देताना तिनं वर पाहिलं नाही. एवढ्यावर नऊ वर्षं फिटत नाहीत, पण डबा सवितानं घेतला. भुऱ्याच्या टाकीत गोळ्या टाकून ती गाडीत बसली.

राहाता मागे पडल्यावर कानिफनाथनं घसा साफ केला.

"कुनाला सांगू नगं मातर."

"सरकारचं साऱ्या पंचक्रोशीला सांगितलंत," सविता म्हणाली.

पुढे एक उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रेलर ओढत चालला होता. त्याला ओलांडायचं सोडून कानिफनाथ त्याच्या मागे मागेच गाडी चालवत राहिला. त्याचे हात स्टिअरिंगवर घट्ट होते.

"माझ्यातच निघालं तर?" त्यानं विचारलं.

हाच प्रश्न नऊ वर्षं सवितानं स्वतःला विचारला होता, एसटीत, दवाखान्याच्या बाकावर, नारळ फोडताना. तेव्हा शेजारी कुणी नव्हतं. आता नवऱ्याचा घाबरलेला चेहरा पाहून तिला बरं वाटायला हवं होतं. तसं फारसं वाटलं नाही.

"आत्या म्हनतील, जाऊ दे बिचारा, त्यात त्याचा काय दोष," ती म्हणाली.

"आन तू?"

ट्रॅक्टरनं कडेला होऊन वाट दिली, तरी तो पुढे जात नव्हता. सविता मांडीवरचा डबा दोन्ही हातांनी धरून बसली होती.

"मी काय म्हननार," ती म्हणाली. "बदलून तर बघनार न्हाई." आणि मग थोड्या वेळानं म्हणाली, "एसी जरा कमी करा. गार लागतंय."